तीन बायांची साक्ष

ताकसांडे सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझा लेख असावा, असे गौरव समितीने कळवले तेव्हा मी त्याच दिवशी होकार दिला आणि पुढचे दोन महिने एक ओळही लिहिली नाही. समितीतले बहुतेक जण आमचेच जुने विद्यार्थी आहेत. त्यांनी फोनवर फोन केले. "सर, त्यांच्याएवढ्या जवळचं दुसरं कोणी नाही, तुम्हीच टाळाटाळ केली तर कसं?" असे एकीने विचारलेही. शेवटी मी एक लेख लिहून काढला. त्यात सरांचे नदीप्रेम होते, साधी राहणी होती, विद्यार्थ्यांवरची माया होती. बायकोला, मंदाला, वाचून दाखवला. तिने तांदूळ निवडता निवडता सगळा ऐकला आणि म्हणाली, "हे कोणाबद्दलबी लिहिता येते." तो लेख मी फाडला. हा दुसरा. हा वाचून समितीला तो छापावासा वाटेल की नाही, हे मला सांगता येत नाही.

सरांची आणि माझी पहिली भेट मी मुकुटबनजवळच्या एका शाळेत रुजू झालो त्याच दिवशी झाली. मी मूळचा कळंबकडचा. घरी कापूस, तुरीची शेती, आणि मी निघालो चित्रकला शिक्षक. हा शिक्षक शाळेत नेमका कशासाठी असतो हे शाळेलाही ठाऊक नसते. सव्वीस जानेवारीची रांगोळी आणि पाहुण्यांच्या स्वागताचा फळा, एवढ्यावर त्याचे वर्ष निघते. मी रंगांचे कपाट झाडत होतो. इतक्यात एक उंच, काटक गृहस्थ आत आले. पायांत टायरच्या चपला, खांद्यावर गवंडी पाणसळ साधायला वापरतात ती लांबच लांब पारदर्शक नळी गुंडाळलेली. मला वाटले, शाळेच्या बांधकामावरचे मिस्त्री असावेत. मी म्हणालो, "मिस्त्री, ते खिडकीचं तेवढं पाहा." त्यांनी खिडकी पाहिली, बिजागरी हलवून बसवून दिली आणि मग विचारले, "सरळ रेघ मारता येते तुमाले?"

"येते."

"पट्टीनं का हातानं?"

"हातानं," मी जरा तोऱ्यातच सांगितले.

"मंग अजून शिकाव लागन. नदीच्या कामाले सरळ रेघ चालत नाई."

ते भूगोलाचे ताकसांडे सर होते, हे मला मधल्या सुट्टीत कळले. मी माफी मागायला गेलो तर ते म्हणाले, "कायची माफी? खिडकी लागते न आता?" त्या रविवारी त्यांनी मला सायकलवर पैनगंगेच्या काठी नेले. पुढची तीस वर्षे मी त्यांच्या नकाशांच्या रेघा मारत आलो आहे.

सरांचे काम काय, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने पैनगंगा वाहते, पलीकडे तेलंगण. तिला मिळणारे ओढे-नाले, त्यांच्या काठची गावे, कोलामांचे पोड म्हणजे त्यांच्या वस्त्या, डोह, उन्हाळ्यात खरबूज-टरबूज पिकवायच्या रेतीतल्या डांगरवाड्या, हे सगळे सरांनी पायी फिरून उतरवून ठेवले आहे. पाचवीच्या वर्गात ते पहिल्याच तासाला एक काम देत. घरासमोर तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते कुठे जाते ते पाहून यायचे. मुले सांगत, गल्लीत गेले, नालीत गेले. सर विचारत, "नालीतून कुठं?" मुले परत जात. असे करत करत अख्खा वर्ग आठवड्याभरात नाल्यापर्यंत आणि महिन्याभरात नदीपर्यंत पोचे. मग सर म्हणत, "पाणी जिथून जिथून उतरून नदीत येते ती सगळी जागा नदीचीच. तुमचं आंगणबी तिचंच हाय. पावसाळ्यात ती भाड्यानं देत नाई, एवढं ध्यानात ठेवा." पालकांची तक्रार आली की पोरे शाळा सोडून नालीत काड्या घालत बसतात. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून समज दिली. सरांनी ती शांतपणे घेतली आणि दुसऱ्या दिवशी सहावीला तेच काम दिले.

नदीच्या कापलेल्या काठावर ते आम्हाला थर दाखवत. वर काळी माती, खाली पिवळी, मधे बोटभर राखट पट्टी, त्यात शिंपल्यांचे तुकडे, कुठे खापरी, कुठे जळक्या मातीचा गोळा. कोणीतरी इथे चूल मांडली होती, पाणी आले, चूल बुडाली, वर गाळ बसला, पुन्हा कोणी येऊन चूल मांडली. सर त्या पट्टीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहत. आता त्या काठाचा तो भाग उरलेला नाही. रेतीच्या ट्रॅक्टरांनी तिथून उतार काढला आणि दोन पावसाळ्यांत काठ ढासळला. डोह गाळाने भरले. डांगरवाड्या लावणारी चार घरे होती ती वणीकडे खाणीच्या कामाला गेली. सरांच्या वहीत डोहांची नावे आहेत, पण त्यातल्या निम्म्या डोहांत आज उन्हाळ्यात म्हशीचे पाय भिजत नाहीत. सरांचे बरेचसे काम गेलेल्या गोष्टींची नोंद ठेवण्याचे झाले आहे, आणि ते त्यांना खूप लागते. बोलून दाखवत नाहीत.

त्यांच्या कामाचा गाभा होता तो पुराची रेघ. या काठच्या गावांत एक जुनी रीत आहे. मोठा पूर येऊन ओसरला की पाणी जिथवर चढले होते तिथे गावातल्या बाया एक दगड रोवतात. त्याला थांबमाय म्हणतात. दगडाला हळदकुंकू लावायचे, ओटी भरायची आणि म्हणायचे, "बाई, अथवर आली, आता पुढं येऊ नको." त्याहून मोठा पूर आला तर दगड उचलून वर न्यायचा. सर म्हणत, सरकारी मोजपट्टी परवाची आहे, थांबमाय पणजीच्या वेळची. गावोगावच्या थांबमाया शोधायच्या, नळीत पाणी भरून त्यांची उंची जुळवायची आणि ती रेघ गावाच्या नकाशावर काढायची, म्हणजे घर कुठे बांधू नये हे कळेल. रेघ काढायची ती मी.

पण सरांचा एक नियम होता, तो त्यांनी पहिल्याच रविवारी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता. दगड दिसला म्हणून रेघ मारायची नाही. गावातल्या तीन म्हाताऱ्या बायांना, तीन वेगळ्या घरी जाऊन, एकीला दुसरीसमोर न विचारता विचारायचे की पाणी कुठवर आले होते. तिघींचे जुळले तरच रेघ. "दगड माणूस हलवते," सर सांगत, "नांगराले आडवा आला, हलवला. बैलबंडी अडली, हलवला. बाई नाई विसरत. तिची चूल बुडाली राह्यते न." नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात लिहीत असे, साक्ष, आणि पुढे तिघींची नावे. ज्या बायांचे नाव कधी रेशनकार्डाखेरीज कुठे लिहिले गेले नव्हते त्यांची नावे सरांच्या नकाशावर आहेत.

हा ध्यास कुठून आला ते सरांनी मला एकदाच सांगितले. त्यांचे बालपण पैनगंगेकाठच्याच एका गावात, गावाच्या उतरत्या अंगाला असलेल्या वस्तीत गेले. वरच्या आळीत पाणी शिरले की गाव म्हणे पूर आला. खालच्या वस्तीत पाणी शिरले तर पूर आला असे कोणी म्हणत नसे. सर पाच-सहा वर्षांचे असताना घरच्यांनी धम्म स्वीकारला. आईने त्यानंतर थांबमायला कुंकू लावणे सोडले. पण दर पावसाळ्याआधी ती दगडाभोवतीची जागा झाडून काढी, गवत उपटी. शेजारणीने विचारले, "काहून वं, देव तं सोडले न?" तर म्हणाली, "देव सोडला. पाणी कुठं सोडते आपल्याले?" हे सांगताना सर हसले होते. सरांच्या तोंडून आईबद्दल मी एवढेच ऐकले आहे.

समितीने पत्रात लिहिले आहे की सरांच्या सहृदयतेचे प्रसंग यावेत. एक प्रसंग माझ्याजवळ आहे, पण तो सांगायचा तर आधी माझी करणी सांगावी लागते.

आंबडोह नावाचे गाव आहे. ते नदीपासून तसे आत, एका नाल्याच्या काठी. नदी मोठी भरली की तिचे पाणी या नाल्यातून उलटे वर चढते. समोरून येणाऱ्या पाण्याची माणसाला भीती वाटते, मागून गुपचूप चढणाऱ्याची वाटत नाही. आंबडोहची थांबमाय नाल्याच्या वरच्या अंगाला, एका शेतात होती. हे शेत मंदाच्या काकांचे, म्हणजे माझ्या काकासासऱ्यांचे. सरांना त्या दिवशी ताप होता म्हणून त्यांनी मला एकट्याला पाठवले. नळी दिली, वही दिली आणि दारातून ओरडून सांगितले, "तीन बाया!"

वैशाखातली दुपार होती. काकाजींनी जावयाचा पाहुणचार केला. आमरस, वर दोन वाट्या तूप. दगड धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर होता, शेंदूर लावलेला, चांगला ठसठशीत. काकाजी म्हणाले, "आमच्या आज्यापासून अथीच हाय." मी नळी लावली, उंची उतरवली. मग बायांचे घर विचारायला निघायचे तर उन्हाने डोळे दिपले. पोड नाल्याच्या पलीकडे, अर्धा कोस. संध्याकाळी मंदाच्या मावसबहिणीची हळद होती आणि मला लवकर परतायचे होते. मी काकाजींना विचारले, गावात म्हाताऱ्या बाया कोण कोण? त्यांनी नावे सांगितली. मी धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून ती तिन्ही नावे वहीत लिहिली आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली. पहिले नाव होते लक्ष्मीबाई टेकाम. मी लक्ष्मीबाईंना त्या दिवशी पाहिले नाही. त्यांचे घर कोणते हेही मला ठाऊक नव्हते.

काकाजींनी ट्रॅक्टर घेतला त्या वर्षी वळवायला अडचण होते म्हणून दगड शेताच्या वरच्या टोकाच्या मोहाखालून उचलून खाली धुऱ्यावर आणला होता. यात त्यांचे काही कपट नव्हते. त्यांनी नारळ फोडून, हात जोडून आणला होता. मला सांगायचे त्यांना सुचले नाही, आणि मी विचारले नाही. पोडातल्या कोणत्याही म्हातारीने हे मला उभ्या उभ्या सांगितले असते.

मी घरी येऊन सुबक नकाशा काढला. सरांनी वही पाहिली, तीन नावे पाहिली, सही केली. नकाशाची प्रत ग्रामपंचायतीत फ्रेम करून लागली. सर माझ्या नोंदी पुन्हा तपासत नसत. तपासाव्यात असे त्यांना कधी वाटले नाही.

पुढे काही वर्षांनी गावात घरकुले मंजूर झाली. पोडातली आणि बौद्ध वस्तीतली, ज्यांना जागा नव्हती अशी डझनभर घरे. पंचायतीने जागा शोधली ती आमच्या नकाशावरून. रेघेच्या वर, म्हणजे निर्धास्त. पाया खणायला लागले तेव्हा लक्ष्मीबाई काठी टेकत तिथे आल्या आणि म्हणाल्या, "अथी पाणी येते." लोकांनी त्यांना पंचायतीत नेले, भिंतीवरची फ्रेम दाखवली. एकाने वाचून सांगितले, "आजी, तुमचंच नाव हाय न अथी. तुमीच साक्ष देल्ली, पाणी खालीच थांबते म्हून." लक्ष्मीबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी फ्रेमच्या काचेकडे पाहिले आणि त्या घरी गेल्या. हे मला त्यांच्या सुनेने, मीराबाईंनी, नंतर सांगितले. "दोन दिस जेवल्या नाई धड. म्हणे, मी कवा सांगतलं? अन् मंग म्हणे, असंन. मलेच भुल पडली असंन. म्हतारी झाली मी."

मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या. पण डोळ्यांनी पाहिलेले पाणी एका बाईला खोटे वाटायला लावले, याहून वाईट मी काही केलेले नाही.

घरकुले झाली. लक्ष्मीबाई मुलासुनेबरोबर राहायला गेल्या. तीन पावसाळे कोरडे गेले, चौथ्या वर्षी नदी भरली आणि पहाटे नाल्यातून पाणी उलटे चढले. माणसे आरडाओरड करत वरच्या अंगाला पळाली. लक्ष्मीबाई शेळ्या सोडायला मागे फिरल्या. शेळ्या वाचल्या. लक्ष्मीबाई दुसऱ्या दिवशी खाली बोरीच्या जाळीत सापडल्या.

पाणी ओसरल्यावर गावात सभा झाली. लोक रागात होते आणि राग योग्य होता. कोणीतरी भिंतीवरची फ्रेम काढून आणली, काच फुटलेली. "कोनं काढली ही रेघ?" ताकसांडे सर उठले. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. माझे पाय उठायला तयार झाले होते, असे मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितले, पण ते उठले नाहीत. सर म्हणाले, "नकाशा माझा. सही माझी. चूक माझी हाय." लोक काय काय बोलले ते लिहीत नाही. एका बाईने मातीचे ढेकूळ उचलून मारले, ते सरांच्या खांद्याला लागले. त्यांनी ते झटकलेही नाही.

मीराबाईंनी त्याच दिवशी सरांना बाजूला घेऊन सांगितले होते की सासूला कोणी कधी काही विचारायलाच आले नव्हते. म्हणजे सरांना सगळे कळले होते. परतताना बसमध्ये मी वाट पाहत होतो, आता बोलतील, आता बोलतील. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मुकुटबनला उतरताना एवढेच म्हणाले, "मंदाताईच्या माहेरचं नाव निघू देऊ नका." आणि पुढच्या रविवारी सकाळी सायकल घेऊन माझ्या दारात हजर. खांद्यावर नळी. "चाला. पुढच्या गावची शीट घ्या."

समितीने मागितलेला सहृदयतेचा प्रसंग तो हा. त्यांनी माझ्या हातून पेन्सिल काढून घेतली नाही. त्या दिवशी काढून घेतली असती तर मी पुन्हा कोणतीच रेघ मारू शकलो नसतो. त्यानंतरच्या प्रत्येक गावात मी तीन सोडून पाच-पाच बायांना विचारत आलो. सर नुसते पाहत असत.

पण त्यांचे नाव गेले ते गेलेच. पूर्वी नवी शाळा बांधायची, विहीर खणायची तरी गावे सरांना बोलवत. ते थांबले. चाळीसेक गावांच्या रेघा, सगळ्या खऱ्या, त्यांच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. एका रेघेपायी बाकीच्या खोट्या ठरल्या. ताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, एकदा मला चहा देताना सहज विचारले, "कावो भाऊ, हे अशे कसे चुकले? यायचं तं असं चुकत नाई." मी चहा पिऊन घरी आलो.

या वर्षी आंबडोहच्या त्या कुटुंबांसाठी पुन्हा जागा ठरली. नाल्याच्या दुसऱ्या अंगाला, पहिल्या जागेहूनही खाली. चुन्याची फक्की टाकून प्लॉट आखले गेले. सर या वयात दोन बस बदलून सभेला गेले, मीही गेलो. त्यांनी उभे राहून सांगितले की उलटे पाणी इथे आधी येईल. मागून एक तरुण म्हणाला, "सर, तुमच्या मागच्या रेघेनं काय केलं ते पाह्यलं आमी." सर खाली बसले. मी त्यांच्या शेजारीच होतो. दुसऱ्यांदा.

त्याच आठवड्यात समितीचे पत्र आले. मी पहिला लेख फाडला त्या दिवशी मंदा म्हणाली, "खरं काय ते लिहा. काकाजी गेले, त्यायले आता काय लागते? सर हायेत. ते हायेत तवर लिहा."

लिहिण्याआधी मी आंबडोहला मीराबाईंकडे गेलो. सगळे सांगितले. ऊन, आमरस, हळद, बाभळ, काही सोडले नाही. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. तव्यावरची भाकर उलटून झाल्यावर म्हणाल्या, "मले सांगून काय करता? सभेत सांगा. अन् तिचं नाव खोडा तथून. तिनं जे सांगतलं नाई त्याच्यावर तिचं नाव कायले?"

मी सभेत सांगितले. मधे दोनदा पाणी प्यावे लागले. कोणी ढेकूळ मारले नाही. मारले असते तर बरे वाटले असते. सरपंच म्हणाले, विचार करू, पुढच्या सभेत घेऊ. तो विचार अजून झालेला नाही. फक्कीच्या रेघा हे लिहीपर्यंत जमिनीवर तशाच आहेत आणि मृग लांब नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोडात घरोघर फिरलो. तीन म्हाताऱ्या बाया, तीन वेगळी घरे. तिघींनी एकच जागा सांगितली, शेताच्या वरच्या टोकाचा मोह. झाड आता नाही, बुंधा आहे. एक म्हणाली, "पाणी आलं तवा लक्ष्मी तं त्याच मोहावर चढून बसलती, मी खालच्या फांदीवर होती, पोट्टी होतो आमी." मग मीराबाई आणि चार जणींनी धुऱ्यावरचा दगड बंडीत घातला आणि वर नेला. काकाजींच्या मुलाने खड्डा करून दिला. दगड रोवला. कोणी कुंकू लावले, कोणी नुसती जागा झाडली. नवा नकाशा मी तिथेच मांडीवर घेऊन काढायला बसलो. साक्ष लिहून तिघींची नावे घातली. खाली चौथी ओळ मीराबाईंनी सांगितली तशी लिहिली: लक्ष्मीबाई टेकाम यांनी "अथी पाणी येते" असे सांगितले होते.

तेवढ्यात सर आले. त्यांना कोणी कळवले ते मला माहीत नाही. नळी खांद्यावर होती, पण हात थरथरतात, म्हणून एक टोक मी धरले, एक मीराबाईंनी. उंची जुळली. सरांनी चष्मा काढून पुसला, नकाशावर वाकले आणि त्या वैशाखात दारातून ओरडले होते त्याच आवाजात विचारले, "तीन बाया?"

मी तिघींच्या नावांवर बोट ठेवले. उत्तर बुंध्यावर बसलेल्या म्हातारीने दिले. "इचारलं बाप्पा, इचारलं. घरी येऊन इचारलं."

सरांनी सही केली.

आदरणीय सर, आपण शतायुषी व्हावे अशी इच्छा या ग्रंथात सगळेच करतील. मीही करतो, पण माझ्या इच्छेत स्वार्थ आहे. हा पावसाळा, आणि पुढचे कितीतरी, आपण धडधाकट पाहावेत. आपल्या पेटीतली प्रत्येक रेघ गावाने पुन्हा भिंतीवर लावलेली आपल्या डोळ्यांनी पाहावी. ताईंच्या हातचा चहा आपण दोघांनी मिळून, मान वर करून प्यावा. आणि सर, आपण मला अजून रागावला नाहीत. बसमध्ये नाही, दारात नाही, त्या बुंध्यापाशीही नाही. ते तेवढे राहिले आहे. ते होईपर्यंत आपल्याला कुठेही जाता येणार नाही.